यस की नो: पेनसिल्व्हेनिया सुप्रीम कोर्टातल्या तिघांचं दहा वर्षांचं काम

नोव्हेंबर २०२५ च्या निवडणुकीची टपाली मतपत्रिका घरी येऊन आठवडा झाला. स्कूल बोर्ड आणि काउंटीची पदं मी त्याच रात्री भरून टाकली. तीन प्रश्न मात्र मुद्दाम कोरे ठेवले. क्रिस्टीन डॉनह्यू, केव्हिन डॉकर्टी आणि डेव्हिड वेक्ट यांना पेनसिल्व्हेनिया सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तिपदावर आणखी एका मुदतीसाठी कायम ठेवावं का? यस की नो. समोर दुसरा उमेदवार नाही, नावापुढे पक्ष नाही. आणि एक मुदत म्हणजे दहा वर्षं.

२०१५ साली हे तिघंही डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिकिटावर निवडून आले, तेव्हा मी त्यांना मत दिलं होतं. त्या काळी एकाच बटणात अख्ख्या पक्षाला मत देता यायचं. मी ते बटण दाबलं होतं आणि या तिघांची नावंसुद्धा वाचली नव्हती. २०१९ च्या ॲक्ट ७७ नं ते बटण गेलं आणि त्याच कायद्यानं कुणालाही कारण न सांगता टपालानं मत देण्याची सोय आली. म्हणून या वेळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, हवा तेवढा वेळ घेऊन ठरवता येतंय. तीन आठवडे रोज रात्री जेवणानंतर तासभर मी हेच वाचत होते. आपल्यातले बरेच जण ४ नोव्हेंबरला मत देणार आहेत आणि "त्या जजेसचं काय करायचं गं?" असे फोन मला येतायत, म्हणून जे सापडलं ते लिहून ठेवते.

माझी नोकरी औषध कंपनीत क्वालिटीची. बॅच रेकॉर्ड तपासणं हे वीस वर्षांचं काम. त्यात एक सवय हाडीमाशी भिनली आहे. वरचं सारांशाचं पान शेवटी वाचायचं. आधी जिथे काहीतरी ठरल्याप्रमाणे झालं नाही, ती डेव्हिएशनची पानं काढायची आणि त्या क्षणी माणसानं काय केलं, का केलं, कारण लिहून ठेवलं का, हे बघायचं. सगळं सुरळीत झालेल्या दोनशे पानांवरून माणूस कळत नाही. न्यायमूर्तींचं रेकॉर्ड मी त्याच पद्धतीनं वाचलं.

ही पद्धत इथे १९६८ च्या राज्यघटनेपासून आहे. न्यायाधीश पहिल्यांदा पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो आणि पुढे दर दहा वर्षांनी फक्त यस-नो. इतक्या वर्षांत सुप्रीम कोर्टाच्या एकाच न्यायमूर्तीला लोकांनी घरी पाठवलं: २००५ मध्ये रसेल नीग्रो. त्या जुलैत विधिमंडळानं रात्री दोन वाजता स्वतःची, न्यायाधीशांची आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची पगारवाढ मंजूर करून घेतली होती. राज्यभर संताप उसळला. पण नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आमदार नव्हतेच. होते सुप्रीम कोर्टाचे दोघं. नीग्रो हरले, सँड्रा न्यूमन थोडक्यात वाचल्या. त्यांच्या निकालपत्रांचा या रागाशी काही संबंध नव्हता.

आणि त्याच निवडणुकीत लुझर्न काउंटीच्या लोकांनी मार्क सियाव्हरेला या न्यायाधीशाला आणखी दहा वर्षं दिली. खासगी बालसुधारगृहाशी संबंधित लोकांकडून पैसे घेणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी हा एक. किरकोळ चुकांसाठी, अनेकदा वकिलाशिवाय उभ्या असलेल्या मुलांना तो काही मिनिटांत बेड्या घालून पाठवत होता. प्रकरण बाहेर आल्यावर राज्याच्या सुप्रीम कोर्टाला हजारो मुलांवरचे निवाडे रद्द करावे लागले आणि त्याला २८ वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी त्याला यस म्हटलं त्या दिवशी हे सगळं चालू होतं. मी हे दोन निकाल शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. एकाला त्यानं न केलेल्या गोष्टीसाठी काढलं आणि दुसऱ्याच्या कोर्टात काय चाललंय हे न बघता ठेवलं. त्यानंतर "कळत नाही तर यस ठोका" किंवा "सगळ्यांनाच नो" हे दोन्ही सल्ले मला घेववत नाहीत.

आमच्या ओळखीतले एक काका परवा म्हणाले, "अगं, आपण काय वकील आहोत का? आपल्याला त्यातलं काय कळतंय!" मी म्हटलं, "काका, तुम्ही घर घेताना सत्तर पानांचे कागद वाचलेत ना? हे त्यापेक्षा सोपं इंग्रजी आहे. तुम्ही एक तरी वाचून बघा." खरंच सोपं आहे. कोर्टाच्या संकेतस्थळावर प्रत्येक निकालपत्र फुकट मिळतं. बहुमताचं वेगळं, सहमतीचं वेगळं, विरोधाचं वेगळं. पहिल्या दहा-पंधरा पानांत काय घडलं ते गोष्टीसारखं सांगितलेलं असतं. सुनावण्या बघायच्या असतील तर पीसीएन या केबल वाहिनीवर दाखवतात. न्यायमूर्ती वकिलाला बोलू देतो का, प्रश्न उत्तरासाठी विचारतो की स्वतःचं ऐकवण्यासाठी, हे तिथे अर्ध्या तासात दिसतं.

त्याआधी बाकीच्या साधनांबद्दल थोडं. टपालपेटीत आलेली पत्रकं मी एका ढिगात ठेवली आहेत, दोन्ही बाजूंची. सगळी तुळतुळीत कागदाची आणि त्यातल्या एकावरही खटल्याचं पूर्ण नाव नाही. "लोकशाही वाचवा" असं दोन्हीकडे लिहिलंय. माहितीचं साधन म्हणून मला त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही. टीव्हीवरच्या जाहिरातींचंही तेच.

पेनसिल्व्हेनिया बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या मूल्यमापन समितीची शिफारस मात्र उपयोगाची आहे, तिची मर्यादा ओळखली तर. समितीत वकील आहेत तसे वकील नसलेले लोकही आहेत. उमेदवाराकडून प्रश्नावली भरून घेतात, त्याच्याबरोबर काम केलेल्यांशी बोलतात, त्याचं लेखन वाचतात, मुलाखत घेतात. तिघांनाही त्यांनी कायम ठेवण्याची शिफारस केली आहे. याचा अर्थ माणूस सचोटीचा आहे, कायदा जाणतो, वेळेवर काम करतो, समोरच्याशी नीट वागतो. सियाव्हरेलाची आठवण ठेवली तर ही तपासणी किती मोलाची आहे ते कळतं. पण ही पायरी आहे. तिघंही तिच्यावर उभे आहेत आणि तरी तिघं एकसारखे नाहीत. ॲरिझोना, कोलोराडो, युटा, अलास्का या राज्यांत अशा मूल्यमापनासाठी सरकारी यंत्रणा आहे आणि मतदाराला तिचा अहवाल मिळतो. आपल्या राज्यात तशी काहीच नाही. एवढ्या जुन्या राज्यात मतदाराला हे बार असोसिएशनच्या भरवशावर सोडलंय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता डेव्हिएशनची पानं.

मी सुरुवात केली ती मला सर्वांत जास्त राग आणणाऱ्या निकालापासून. ३० जून २०२१ ला याच कोर्टानं प्रसिद्ध विनोदी नट बिल कॉस्बी याची लैंगिक अत्याचाराबद्दलची शिक्षा रद्द केली. मी माँटगोमेरी काउंटीत राहते. हा खटला आमच्या नॉरिसटाऊनच्या कोर्टात चालला होता. २०१७ मध्ये पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनं दोषी ठरवलं. शिक्षा तीन ते दहा वर्षं, त्यातली जवळजवळ तीन भोगून झाली होती आणि मग एका दुपारी तो घरी. त्या दिवशी ऑफिसात आम्ही चौघी बायका जेवणाच्या टेबलाशी गप्प बसलो होतो, ते मला आठवतं. "पैसेवाल्याला न्याय वेगळा," असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं होतं. निकालपत्र मात्र मी वाचलं नव्हतं. ते लिहिलंय वेक्ट यांनी. ७९ पानं. यंदा दोन रात्रीत वाचलं.

घडलं ते असं. टेंपल विद्यापीठात काम करणाऱ्या अँड्रिया कॉन्स्टंड यांनी २००५ मध्ये तक्रार केली. तेव्हाचे डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे काउंटीचे मुख्य सरकारी वकील, ब्रूस कॅस्टर यांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून खटला भरायचा नाही असं ठरवलं आणि तसं पत्रक काढून जाहीर केलं. फौजदारी खटल्याची भीती नाही म्हटल्यावर दिवाणी दाव्यात "माझंच बोलणं माझ्याविरुद्ध वापरलं जाईल, म्हणून मी उत्तर देणार नाही" असं म्हणण्याचा कॉस्बीचा आधार गेला. त्यानं शपथेवर चार वेळा जबानी दिली आणि स्त्रियांना देण्यासाठी गुंगीच्या गोळ्या मिळवल्याचं त्यात कबूल केलं. २००६ मध्ये सुमारे ३४ लाख डॉलर देऊन दावा मिटला. तक्रारीनंतर दहा वर्षांनी, २०१५ च्या शेवटी, त्याच कार्यालयातल्या नंतरच्या लोकांनी त्याच जबानीच्या आधारे खटला भरला.

बहुमताचं म्हणणं असं की सरकारी वकिलाच्या शब्दावर विसंबून एखाद्यानं आपला घटनात्मक हक्क सोडला असेल, तर सरकारला तो शब्द नंतर मोडता येणार नाही. आणि हे उलटवण्याचा एकच पुरता उपाय म्हणजे हा खटला पुन्हा चालवायचाच नाही. डॉनह्यू बहुमतात होत्या. डॉकर्टी यांनी वेगळं लिहिलं आणि त्यावेळचे न्यायमूर्ती बेअर त्यांच्याबरोबर गेले. जबानी वापरणं अन्यायाचं होतं, शिक्षा रद्द व्हायलाच हवी, इथपर्यंत डॉकर्टी बहुमताबरोबर आहेत. पण पत्रक काढून कुणालाही कायमचं अभय देण्याचा अधिकार कुठल्याही सरकारी वकिलाला नाही, असं ते ठणकावून सांगतात. त्यांचा उपाय: जबानी बाजूला काढा आणि हवं तर तिच्याशिवाय पुन्हा खटला चालवा. न्यायमूर्ती सेलर यांच्या मते तर असं वचन मुळात दिलंच गेलं नव्हतं. ते पत्रक म्हणजे त्या दिवशीचा निर्णय, बाकी काही नाही.

माझ्या मते डॉकर्टी बरोबर होते. ज्या हक्काचं नुकसान झालं तो बोलायला भाग न पडण्याचा हक्क होता. मग ते बोलणं वगळलं की नुकसान भरून निघतं. कॉन्स्टंड यांना पुन्हा एकदा न्याय मागण्याची दारं का बंद करायची? वेक्ट यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलंय, टाळलेलं नाही, पण मला ते पटलं नाही.

तरीही त्या ७९ पानांनी वेक्ट यांच्याबद्दलचं माझं मत बदललं. त्यांना ठाऊक असणार की त्यांना निवडून देणाऱ्यांपैकी बहुतेकांना, विशेषतः बायकांना, हा निकाल चीड आणेल. मी टू चळवळीच्या भर काळात तो लिहिलाय. कॉस्बी कोण आहे हे पुसून टाकलं आणि जागी एखादा गरीब, वकील न परवडणारा मुलगा ठेवला, तर सरकारी वकिलाचा शब्द पाळला जावा असं मलाही वाटेल. हे मी टेबलाशी बसून मोठ्यानं म्हणाले तेव्हा नवरा म्हणाला, "चार वर्षांपूर्वी तू नेमकं उलट बोलत होतीस." हो, बोलत होते. तेव्हा वाचलं नव्हतं.

यावरून मला पुढची दिशा मिळाली. तिघांपैकी प्रत्येकाच्या रेकॉर्डात अशी एक तरी जागा शोधायची, जिथे कायदा त्यांना आपल्याच माणसांच्या विरुद्ध घेऊन गेला. अशी जागा सापडलीच नाही तर माझा नो पक्का होता. विरोधकांचा मुख्य आरोपही तोच आहे की हे तिघं न्यायमूर्तीच्या झग्यातले डेमोक्रॅट आहेत. मग निवडणुकांचे खटले बघायला हवेत.

आरोपाच्या बाजूनं सर्वांत मोठा कागद म्हणजे २०१८ चा मतदारसंघांचा निकाल. २०११ मध्ये रिपब्लिकन विधिमंडळानं आखलेला काँग्रेसच्या मतदारसंघांचा नकाशा कोर्टानं घटनाबाह्य ठरवला. निवडणुका मुक्त आणि समान असाव्यात या राज्यघटनेतल्या कलमाच्या आधारे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती टॉड यांचं, हे तिघंही त्यांच्याबरोबर. विधिमंडळ आणि गव्हर्नर यांचं मुदतीत जुळलं नाही, तेव्हा कोर्टानं एका तज्ज्ञाच्या मदतीनं नवा नकाशा स्वतःच लागू केला. जुन्या नकाशात १८ पैकी १३ जागा रिपब्लिकनांकडे होत्या. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नऊ-नऊ झाल्या. आमच्या भागातून जाणाऱ्या जुन्या सातव्या मतदारसंघाचा आकार तर डोनाल्ड डकला लाथ मारणाऱ्या गूफीसारखा दिसतो म्हणून देशभर गाजला होता. शेजारच्या रस्त्यावरचे लोक वेगळ्या खासदाराचे, असं आम्ही अनुभवलंय. तो नकाशा पाडणं योग्यच होतं. पण कोर्टानं काही आठवड्यांत स्वतः नकाशा देणं मला आजही थोडं जड जातं. बेअर नकाशा चुकीचा मानत होते, तरी त्याच निवडणुकीसाठी बदलण्याची घाई त्यांना मान्य नव्हती. त्यांचं मत वाचताना मी मान डोलावली. तेव्हा या खटल्यात तिघांच्या नावापुढे मी प्रश्नचिन्ह ठेवलं.

पण त्यानंतरचे कागद आरोपाला साथ देत नाहीत.

सप्टेंबर २०२०. करोना चालू, टपाल रखडलेलं. मतदानाच्या दिवसापर्यंत टाकलेल्या टपाली मतपत्रिका तीन दिवस उशिरा पोचल्या तरी मोजायच्या, असं कोर्टानं बहुमतानं ठरवलं. डेमोक्रॅटिक पक्षाला हेच हवं होतं. डॉनह्यू यांनी या मुदतवाढीला विरोध नोंदवला आणि त्या मतावर त्यांच्याबरोबर होते दोन रिपब्लिकन न्यायमूर्ती, सेलर आणि मंडी. अख्ख्या देशाचं लक्ष पेनसिल्व्हेनियाकडे लागलेलं असताना.

दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२०. पाकिटावर तारीख न लिहिलेल्या मतपत्रिकांचं काय करायचं? वेक्ट यांनी लिहिलं की कायद्यात तारीख लिहायची म्हटलंय, म्हणजे लिहायचीच. तो शब्द शोभेसाठी नाही. लोकांना आधी हे स्पष्ट सांगितलं नव्हतं, तेव्हा या खेपेची मतं मोजावीत आणि पुढच्या निवडणुकीपासून नियम पाळावा. तारीख विसरणाऱ्यांत कुठल्या पक्षाला मत देणारे जास्त, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण टपाली मतं तेव्हा डेमोक्रॅटच जास्त देत होते.

आणि २०२२. तोच तारखेचा प्रश्न पुन्हा आला. बेअर यांचं नुकतंच निधन झालेलं, कोर्टात सहाच जण. अशी मतं फेटाळणं केंद्रीय नागरी हक्क कायद्याच्या विरुद्ध आहे का, यावर तीन-तीन अशी कोंडी झाली. टॉड, डॉनह्यू आणि वेक्ट एका बाजूला. मंडी आणि ब्रॉब्सन या रिपब्लिकन न्यायमूर्तींबरोबर दुसऱ्या बाजूला कोण? डॉकर्टी.

म्हणजे तिघांचीही एक एक जागा सापडली, तीही निवडणुकीच्याच प्रश्नावर, जिथे पक्षाची ओढ सर्वांत जास्त असते. मी हे तिन्ही प्रसंग एका कागदावर लिहून फ्रिजवर लावले आहेत. मुलगा विचारत होता हे काय, त्यालाही यंदा पहिल्यांदा मत द्यायचंय. त्याला म्हटलं, "आधी वाच, मग विचार."

त्याच्यासाठी मी आणखी एक निकाल काढून ठेवला. डिसेंबर २०२० मध्ये कोर्टानं चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की पोलिसांना वॉरंटशिवाय गाडीची झडती घ्यायची असेल तर नुसता सबळ संशय पुरत नाही, वॉरंट आणण्याएवढा वेळ नव्हता अशी खरी निकडही हवी. हे डॉनह्यू यांचं निकालपत्र. वेक्ट त्यांच्याबरोबर, डॉकर्टी विरोधात. माझा सावळा, दाढीवाला मुलगा रात्री कामावरून एकटा गाडी चालवत येतो. हे निकालपत्र मी त्याची आई म्हणून वाचलं, ते लपवत नाही. डॉनह्यू यांची भाषा तिघांत सर्वांत स्वच्छ. छोटी वाक्यं आणि घटनेतल्या शब्दाला शब्द. वकिली करून न्यायाधीश झालेल्या बाईचं लिखाण आहे, हे कळतं.

जानेवारी २०२४ चा मेडिकेड आणि गर्भपाताचा निकालही त्यांचाच, दोनशेहून जास्त पानांचा. मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून गर्भपाताचा खर्च द्यायचा नाही या राज्याच्या नियमाला कोर्टानं १९८५ मध्ये मान्यता दिली होती. ते जुनं निकालपत्र या वेळी कोर्टानं मोडीत काढलं आणि प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवलं. स्त्री-पुरुष समानतेच्या कलमापुरते डॉकर्टी त्यांच्याबरोबर आले. मूल हवं की नको हे ठरवण्याचा राज्यघटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे, हे मात्र डॉनह्यू आणि वेक्ट दोघंच म्हणाले. इतक्या लांब जायची आत्ता गरज नाही, अशी डॉकर्टी यांची भूमिका. तिथे टॉड विरोधात होत्या, म्हणजे डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेल्या न्यायमूर्तीच आपसांत फुटल्या होत्या. मी डॉनह्यू यांच्या बाजूची आहे. पण ज्यांना हा निकाल मान्य नाही अशा मैत्रिणीलाही मी हेच सांगितलं की डॉकर्टींचं मत वाच. तू ज्या तिघांना एका दोरीत बांधतेयस, ते इथे एकत्र नाहीत.

शाळांच्या निधीच्या दाव्याबद्दल थोडक्यात. खालच्या कोर्टानं "हा विधिमंडळाचा प्रश्न, आमचा नाही" म्हणून तो फेटाळला होता. २०१७ मध्ये वेक्ट यांच्या निकालपत्रानं दावा पुन्हा जिवंत झाला आणि २०२३ मध्ये त्याच खालच्या कोर्टानं, म्हणजे कॉमनवेल्थ कोर्टानं, शाळांना निधी देण्याची राज्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. घरपट्टीच्या जोरावर ज्यांच्या शाळा चांगल्या, अशा भागात मी राहते. आमच्यापासून दहा मैलांवरच्या शाळांची अवस्था मी पाहिली आहे. वेक्ट यांच्या पारड्यात मी हे वजनानं टाकलं.

डॉकर्टींचं एक काम निकालपत्रांबाहेरचं आहे. ते पूर्वी फिलाडेल्फियाच्या कौटुंबिक न्यायालयात होते. सुप्रीम कोर्टात आल्यावर त्यांनी ऑटिझम असलेल्या माणसांना कोर्टात कसं वागवावं यासाठी राज्यभर प्रयत्न चालवले आहेत. माझ्या भावाचा मुलगा ऑटिस्टिक आहे. गणवेशातल्या माणसानं आवाज चढवला की तो कानांवर हात ठेवून खाली बसतो. अशा मुलाच्या वागण्याचा कोर्टात काय अर्थ लावला जाईल, ही आमच्या घरातली खरी भीती आहे आणि त्या खुर्चीवरच्या कुणीतरी ती ओळखली.

नो म्हटलं तर पुढे काय होतं, हेही ठाऊक असावं. जागा रिकामी होते. गव्हर्नर तात्पुरतं नाव सुचवतात, त्याला राज्याच्या सेनेटच्या दोनतृतीयांश, म्हणजे ५० पैकी ३४ जणांची संमती लागते आणि निवडणूक थेट २०२७ मध्ये. गव्हर्नर शपिरो डेमोक्रॅट, सेनेट रिपब्लिकन. तेव्हा नाव अडून राहिलं तर नवल नाही. तिघंही गेले तर सात जणांच्या कोर्टात दोन-दोन असे चौघं उरतील. या कारणासाठी कुणी वाईट न्यायमूर्तीला ठेवावं असं मी म्हणणार नाही. मी हे शेवटी वाचलं आणि माझं मत तोवर ठरलं होतं.

डॉनह्यू यांना दहा वर्षं मिळणारच नाहीत. न्यायाधीशांची वयोमर्यादा ७५ आहे आणि त्या २०२७ मध्ये निवृत्त होतील. "मग दोन वर्षांसाठी कशाला?" असं एकीनं विचारलं. मला उलट वाटतं. जिला पुन्हा कधीच कुणाकडे मत मागायचं नाही, तिची दोन वर्षं मला हवी आहेत. त्यांना माझा यस सर्वांत सहज गेला.

डॉकर्टींना यस. कॉस्बीच्या खटल्यात तिघांत तेच बरोबर होते असं मला वाटतं. गाडीच्या झडतीत मात्र माझं त्यांच्याशी जमत नाही.

वेक्ट यांच्यापाशी सर्वांत जास्त थांबले. तीन रात्री. ज्या निकालानं मला सर्वांत दुखावलं तो त्यांचा आणि मला सर्वांत जास्त विचार करायला लावणाराही त्यांचाच. त्यांचं लिखाण लांबतं, विद्वत्ता दाखवायचा मोहही जाणवतो. पण नावडत्या माणसाला दिलेलं वचन पाळायला लावणारा आणि आवडत्या बाजूला तारीख लिहायला लावणारा हात एकच आहे. यस.

काल रात्री तिन्ही गोल काळ्या शाईनं पूर्ण भरले. मतपत्रिका आधी गुप्ततेच्या आतल्या पाकिटात घातली, ते नसेल तर मत बाद होतं, हेही याच कोर्टानं २०२० मध्ये ठरवलंय. मग बाहेरचं पाकीट. सही केली. मुलगा शेजारी स्वतःचं पाकीट घेऊन बसला होता. त्यानं घाईत सही करून पाकीट बाजूला सरकवलं. मी ते परत त्याच्यापुढे ठेवलं आणि फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. त्यानं वाचलं, पेन उचललं आणि तारीख लिहिली.